आठवी ‘ब’मधली धाप

विरार पूर्व
मंगळवार, संध्याकाळ

प्रिय ज्ञानू,

कुरियरवाल्याने पाकीट दिलं आणि त्यावर माझं अक्षर दिसलं की तू घाबरशील, म्हणून पहिल्यांदा हेच सांगते की मी बरी आहे, हिंडतेफिरते आहे. फोनवर लिहिता आलं असतं, पण हल्ली फोन हातात घेतला की मला त्याचीच किळस येते. परवा मी तो ओल्या फडक्याने पुसला, नंतर साबणाने हात धुतले आणि मग माझं मलाच हसू आलं. काचेवर काय लागलेलं असणार? पण येते किळस. शिवाय शुक्रवारी तुझा मेसेज आला, त्याला मी ‘बरं’ एवढंच लिहून पाठवलं. ते खोटं होतं. मला बरं वाटलेलं नव्हतं, आणि ते का, हे चार ओळींत सांगण्यासारखं नाही.

पाय अजून सुजतात का? संध्याकाळी उशीवर ठेवत जा. तुझ्या वेळी सातव्या महिन्यात माझेही सुजायचे. तुझे बाबा वालिवच्या कारखान्यातून आले की आधी बादलीत कोमट मिठाचं पाणी करून द्यायचे आणि मग स्वतःचे बूट काढायचे. आमच्या शाळेतल्या सँड्राने तुझ्यासाठी गिरीजहून सुकेळी आणून दिली आहेत. शेजारच्या वाडीत इमारत उठते आहे आणि तिच्या वाडीतही केळी थोडीच उरली आहेत, तरी तिची आई दर वर्षी हट्टाने केळी उन्हात सुकवते आणि वाळक्या पानात बांधून ठेवते. रोज एक खा. सँड्राने तसं मला बजावून सांगितलं आहे.

आता मूळ गोष्ट. त्या व्हिडिओबद्दल आपण दोघी एकदाच बोललो. तू विचारलंस, ‘आई, पण तसे आवाज कशाला काढलेस?’ मी म्हटलं, शिकवत होते. त्यावर तू म्हणालीस, ‘हो, पण तरी.’ आणि मग तुला कुणीतरी हाक मारली. त्या ‘पण तरी’चं उत्तर राहून गेलं. मलाही ते तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं, आणि कसं कळलं तेच सांगायचं आहे, त्यामुळे जरा लांबेल. दमलीस तर मध्ये ठेव, मग वाच.

आठवी ‘ब’ला इंग्रजीत एका हरवलेल्या कुत्र्याचा धडा आहे. तो दिवसभर रानोमाळ धावून शेवटी दारात येऊन उभा राहतो, आणि तिथे वाक्य आहे की तो ‘पँटिंग’ करत होता, म्हणजे धापा टाकत होता. हा शब्द आला की दर वर्षी वर्ग हसतो. कुत्र्याने पँट घातली, असं कुणीतरी मागून म्हणतं. इतकी वर्षं मी डस्टर टेबलावर आपटून पुढे जायची. या वर्षी म्हटलं, हसताहेत तर त्या हसण्याचाच धडा करू. मी फळ्यावर दोन शब्द लिहिले. अंगात घालायची पँट वेगळ्या घरातून आली, धापेची पँट वेगळ्या घरातून आली, दिसायला जुळ्या असल्या तरी त्या बहिणी नाहीत, असं सांगितलं. इटलीत जुन्या काळी नाटकांमध्ये एक चिकट म्हातारा असायचा आणि तो घोट्यापर्यंतची घट्ट विजार घालायचा. त्याच्या नावावरून विजारीचं नाव पडलं आणि छाटून छाटून पँट उरली. पोरं खूश झाली. मग धापेची गोष्ट सांगितली. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्यामागे लॅटिन आणि त्याच्याही मागे ग्रीक आहे, आणि तिथे मुळाशी अर्थ आहे भास, स्वप्न. वाईट स्वप्नात छातीवर कुणीतरी बसलं आहे असं वाटून माणूस जागा होतो आणि जसा श्वास घेतो, ती पहिली धाप. भुताचं नाव काढलं की पोरं ऐकतात.

मग तिसरा अर्थ सांगितला, एखाद्या गोष्टीसाठी जीव कासावीस होणं. हेही लक्षात ठेव, पुढे लागेल. तेवढ्यात रीमा नावाची मुलगी उठली. हुशार आहे, पण बोलताना ओढणीचं टोक पिळत असते. तिने इंग्रजीत, वाक्य जुळवत जुळवत विचारलं की पँट, गॅस्प, पफ, व्हीझ, सगळ्यांपुढे डिक्शनरीत धापच दिली आहे, मग फरक काय? मला इतका आनंद झाला, ज्ञानू. अशा प्रश्नासाठी मास्तर वर्षभर वाट पाहतो. हा फरक शब्दांनी सांगता येत नाही, तो करूनच दाखवावा लागतो. गॅस्प म्हणजे गार पाण्याचा तांब्या डोक्यावर पडला की आत ओढला जातो तो एकच श्वास, तो करून दाखवला. पफ म्हणजे फुंकर टाकत जिना चढणं. व्हीझ म्हणजे छातीत शिट्टी वाजते ती. आणि पँट दाखवताना मी टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले, वाकले, खांदे वर ओढले आणि तोंड उघडून श्वास घेत राहिले. कुत्र्यासारखी लहालहा धाप दाखवायची होती, पण तसं झालं नाही. हळू आणि जड झालं. किती वेळ ते मला समजलं नाही. मी वर पाहिलं तेव्हा कुणी हसत नव्हतं. पहिल्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, ‘टीचर, माझे आजोबा असं करतात.’ मी म्हटलं, हो, हेच ते. आणि आम्ही धडा पुढे वाचला.

वर्गात घडलं ते इतकंच. नंतरची घाण मोठ्या माणसांनी केली.

शाळेने गेल्या जूनपासून वर्गावर्गात कॅमेरे बसवले आहेत, आवाजासकट. पालकांनी अ‍ॅप घ्यायचं आणि कामावर बसून आपलं मूल काय करतंय ते पाहायचं. विश्वास वाढतो म्हणे. रीमाचे वडील संग्राम, मनवेलपाड्यात घरं भाड्याने लावून देण्याचं ऑफिस चालवतात, ते त्या वेळी बघत होते. मुलगी उठून इंग्रजीत प्रश्न विचारते म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या फोनने ते टिपून घ्यायला सुरुवात केली. इथवर माझी काही तक्रार नाही, कुठल्याही बापाने केलं असतं. पण मुलगी खाली बसली तरी त्यांनी फोन खाली ठेवला नाही. मी वाकले तिथपासूनचा तुकडा कापून त्यांनी आपल्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणारे चेहरे लावले. तिथून कुणी उचलला. कुणी त्याला कसलंसं गाणं लावलं, कुणी माझ्या चेहऱ्याभोवती गोल केला, कुणी खाली एक ओळ लिहिली, ती मी इथे लिहिणार नाही. चोपन्न वर्षांची बाई, पांढरे केस, सुती साडी, टेबलावर वाकून धापा टाकते आहे, आणि त्यात लोकांना ते दिसलं. ज्यांना दिसलं त्यांच्या डोळ्यांची मला ओकारी येते.

तुला सगळं सांगितलं नव्हतं. मी बसलेल्या रिक्षात एकदा ड्रायव्हरने तो आवाज मोठ्याने लावला आणि आरशातून माझ्याकडे पाहत राहिला. मी वाटेतच उतरले. आपल्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरचा तो रिटायर्ड माणूस, दिवाळीत आपल्या घरी फराळाला यायचा तो, माझ्या मागे उभा राहून मुद्दाम तसा श्वास घेत होता. मी वळून पाहिलं तर छताकडे बघायला लागला. त्याच्या तोंडाला सुपारीचा वास होता. त्या दिवसापासून मी जिन्याने चढते आणि वर पोचल्यावर मला खरीच धाप लागते, मग मी दार लावून आत ती ऐकत उभी राहते, बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. काही दिवस मला जेवणही जात नव्हतं. भात तोंडात घेतला की कुणाचं तरी ओलं हसू आठवायचं. सोसायटीच्या सेक्रेटरीने मेसेज केला, ‘काकी, मनावर घेऊ नका, लोक विसरतात.’ त्याच्याच खाली त्याच्या बायकोचा, ‘कुठे मिळेल हो बघायला?’ तो चुकून मला आला असावा. सँड्रा पोलिसांत तक्रार करू या म्हणून मागे लागली होती. पण तिथेही कुणीतरी टेबलावर फोन ठेवून तो परत लावणार, चार जण वाकून बघणार, या विचारानेच मी गेले नाही.

मग शाळेत सभा झाली. प्रिन्सिपल कॉन्रॅड सर, संस्थेचे तिघे जण, पालकांचे काही प्रतिनिधी, त्यात संग्रामही, आणि एका बाजूच्या खुर्चीत मी. सँड्राला बोलावलेलं नव्हतं, पण ती सायन्सच्या जर्नल्सचा गठ्ठा घेऊन आली आणि शेवटच्या खुर्चीत तपासत बसली. कुणाची तिला उठवायची हिंमत झाली नाही. संस्थेतले एक गृहस्थ म्हणाले, आधी सगळ्यांनी वस्तुस्थिती पाहावी. आणि त्यांनी तो व्हिडिओ पडद्यावर लावला. भिंतभर. गाणं लावलेला. कुणीतरी म्हणालं, ओरिजिनल लावा, तेव्हा बिनगाण्याचा शोधायला वेळ गेला. मधल्या वेळात शिपाई चहा देऊन गेला, आणि ती माणसं बिस्किटं बुडवून खात होती. ती बुडवलेली बिस्किटं मला अजून डोळ्यांसमोर दिसतात.

बिनगाण्याचा लागला, तोपर्यंत मी पडद्याकडे पाहिलंच नव्हतं. घरी एकदाच पाहायला घेतला होता आणि अर्ध्यातच बंद केला होता, कारण गाण्यात माझा आवाज मला दुसऱ्याच कुणाचा तरी, घाणेरडा वाटला होता. आता गाणं नव्हतं. खोलीत फक्त तो श्वास होता. आत ओढताना अडकणारा, सोडताना बारीक कण्हणारा, मग जरा थांबणारा, जणू पुढचा घ्यावा की नाही याचा विचार करतोय. मी मान वर केली. टेबलाच्या कडेला टेकलेले ते हात, ते कानापर्यंत ओढलेले खांदे, ती पुढे काढलेली मान. ज्ञानू, ते तुझे बाबा होते. मला कुत्र्याची धाप दाखवायची होती आणि माझ्या अंगाला जी येत होती तीच त्याने काढली. दोन वर्षं रोज शेजारी बसून ऐकलेली. मला ती आपल्यात आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

तुला ते ओळखू आलं नाही, आणि येणारही नव्हतं. कारण त्यांनी ते तुला कधी ऐकू दिलं नाही. कारखान्यात भांड्यांना पॉलिश करताना उडणारी धूळ वर्षानुवर्षं छातीत बसली होती, हे तुला माहीत आहे. आजार माहीत आहे, औषधं माहीत आहेत. पण तू नाशिकला नोकरीला लागलीस आणि दर रविवारी तुझा फोन यायचा, त्या वेळी घरात काय चालायचं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या फोनच्या आधी ते पलंगाच्या कडेला येऊन बसायचे, हात गुडघ्यांवर टेकून दम गोळा करायचे. फोन वाजला की तीन-चार शब्द बोलायचे, मग फोनच्या तोंडाजवळच्या भागावर घट्ट तळहात ठेवायचे, श्वास घ्यायचे, हात काढून पुन्हा तीन-चार शब्द. तू म्हणायचीस, ‘बाबा, तुम्ही हल्ली फार तोलून बोलता.’ ते म्हणायचे, ‘वय झालं.’ मी खुणेने म्हणायची, सांगा तिला. ते मान हलवायचे. फोन ठेवल्यावर मात्र ती धाप लागायची, पूर्ण उसवलेली. मी पाठीवर हात फिरवत बसायची. झोपायचे ते बसूनच, उशांना टेकून, आणि जागे झाले की आधी छातीवरून हात फिरवायचे, कुणीतरी बसलेलं उठवावं तसा. तू धावत आलीस तेव्हा ते हॉस्पिटलात होते आणि तोंडावर मास्क होता. तिथे तू ऐकलास तो मशीनचा आवाज.

आणि ती धाप त्या खोलीत भिंतीवर चालू होती. दिसलं नीट नाही म्हणून एकाने पुन्हा लावायला सांगितली. समोरची माणसं डोकी तिरकी करून बघत होती. एक जण ओठ आत ओढून हसू दाबत होता. तेव्हा मला जी किळस आली तशी आयुष्यात कधी आली नव्हती. रिक्षावाल्याची, त्या लिफ्टमधल्या माणसाची किळस तिच्यापुढे काही नव्हे. माझी थट्टा झाली ती मी कशीबशी पोटात घातली असती. पण मरणाच्या दारात बसलेल्या माणसाचा श्वास त्यांनी चाटून चाटून पाहिला होता, आणि वर म्हणत होते की घाण मी केली.

संस्थेतल्या बाईंनी विचारलं, ‘मॅडम, मुलांसमोर असे आवाज काढायची खरंच गरज होती का?’ मी म्हटलं, शब्दाचा अर्थ तोच आहे. दुसऱ्या एका गृहस्थांनी मोबाईलमध्ये डिक्शनरी उघडून ठेवली होती. ते म्हणाले, ‘यात डिझायर असंही दिलंय, आणि तुम्ही तेही शिकवलंत.’ डिझायर हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला तोंड फिरवावंसं वाटलं. मी म्हटलं, ‘कासावीस होणं असं शिकवलं. श्वासासाठीही माणूस कासावीस होतो.’ संग्राम आपणहून म्हणाला, ‘मॅडम, मी फक्त आमच्या ग्रुपवर टाकला. गाणं मी नाही लावलं.’ प्रत्येकाचं असंच होतं. एकाने फक्त टाकला, एकाने फक्त पुढे पाठवला, एकाने फक्त पाहिला.

मग कॉन्रॅड सरांनी एक टाईप केलेला कागद पुढे सरकवला. ‘माझ्या अनुचित हावभावांमुळे पालकांच्या भावना दुखावल्या, त्याबद्दल मी दिलगीर आहे.’ सही केली की विषय संपला, असं ते टेबलाकडे बघत म्हणाले. वाईट माणूस नाहीत ते. त्यांनी कधी कुणाच्या डोळ्यांत बघून वाईट काम केलेलं नाही, एवढंच. मी म्हटलं, मी सही करणार नाही. का, म्हणून विचारलं. मी सांगितलं, ‘यात अनुचित काही नव्हतं म्हणून.’ यापेक्षा जास्त मी बोलले नाही. सांगू शकले असते. ही माझ्या नवऱ्याची शेवटची धाप आहे असं म्हटलं असतं तर सगळे ओशाळले असते, कदाचित त्या बाईंच्या डोळ्यांत पाणीही आलं असतं. पण त्या बिस्किटं खाणाऱ्या लोकांच्या हातात मला तुझ्या बाबांना द्यायचं नव्हतं. त्यांनी त्यांचंही काहीतरी केलं असतं. बाबांनी स्वतःच्या लेकीला जे ऐकू दिलं नाही, ते मी या लोकांना कशाला सांगू?

तेवढ्यात मागून सँड्रा म्हणाली, ‘सर, पुढच्या आठवड्यात मी नववीला रेस्पिरेशन शिकवणार आहे. श्वास कसा घ्यायचा ते दाखवावं लागतं. माझ्या माफीचा कागद आत्ताच टाईप करून ठेवता का?’ आणि जर्नलवर लाल पेनाने खूण केली. सभा तिथेच विस्कटली. नंतर निर्णय कळला. आठवी ‘ब’ माझ्याकडून काढली, मला लायब्ररी दिली, आणि कॅमेऱ्यांचा आवाज बंद करण्यात आला. व्हिडिओ करणाऱ्याला काही नाही, कारण तो फी भरणारा पालक आहे. नोकरी राहिली. मी रोज जाते. पुस्तकांवरची धूळ पुसते आणि मधल्या सुट्टीत रीमा येऊन कपाटाआड उभी राहते. पहिल्या दिवशी नुसती उभी राहिली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, ‘टीचर, मी प्रश्न विचारायला नको होता.’ मी तिला सांगितलं की तो वर्षातला सगळ्यात चांगला प्रश्न होता, आणि आता पुढचा प्रश्न विचार. तिला तो अजून सुचलेला नाही. तिच्या बापाने घरी मिठाईचा बॉक्स पाठवला होता, मी तो दारातूनच परत केला. मला क्षमा वगैरे सुचत नाही, ज्ञानू. अजून किळसच येते, आणि ती येते याची मला लाज वाटत नाही.

आता तुझा मेसेज. रविवारच्या डोहाळेजेवणाबद्दल तू लिहिलंस की सासूबाईंचं म्हणणं पडलं, रीतीप्रमाणे पहिली ओटी मामींनी भरावी, हॉलमध्ये गर्दीही फार असेल, तर मी नंतर निवांत यावं. बाबा गेल्यावर तुझं लग्न झालं, तेव्हा भटजींनी मला जरा मागे उभं राहा म्हटलं होतं. तू अंतरपाटाआडून सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘आई पुढे उभी राहील, नाहीतर मी उभी राहणार नाही.’ आणि गेल्याच महिन्यात म्हणालीस की माझी ओटी तूच भरायची. मग मध्येच ही रीत कुठून आली ते मला समजतं. नाशिकच्या त्या हॉलमध्येही फोन असतील, आणि त्या फोनांत मी असेन. तुझ्या सासूबाई तो शब्द काढत नाहीत, तूही काढत नाहीस, म्हणून विधवेची रीत पुढे आली. मी तुझ्यावर रागावलेली नाही. ती माझीच धाप आहे असं समजून तू लाजलीस, आणि ती कुणाची हे तुला सांगणारं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तुला हे माहीत नसताना काही ठरवावं लागू नये, म्हणून एवढं लिहिलं. रविवारी सकाळच्या एसटीने मी येते आहे, हिरवी साडी आणि सुकेळी घेऊन. तिथे कुणी विचारलं, ‘त्या व्हिडिओतल्या त्या तुम्हीच का,’ तर मी हो म्हणेन आणि तुझी ओटी भरेन. तू कुणाला काय सांगायचं ते तुझं तू ठरव, काहीच सांगितलं नाहीस तरी चालेल. पण मी यायला नको असेन, तर मेसेज करू नकोस. फोन कर आणि तुझ्या तोंडाने म्हण, ‘आई, येऊ नकोस.’ तुझ्या आवाजात ते ऐकलं तर मी येणार नाही, आणि पुन्हा विचारणारही नाही. शनिवारपर्यंत फोन पुसून जवळ ठेवते.

पायांना जप.

तुझा फोन वाजू नये असं वाटणारी,
तुझीच
आई